कोल्ड स्टोरेजमधली खाडी

मार्चच्या भर दुपारी, वणी-दिंडोरी रस्त्यावर कावळासुद्धा सावली शोधत असताना, समोरच्या गेटमधून लोकरीची कानटोपी आणि जाडजूड स्वेटर घातलेला एक तरुण बाहेर आला. अफरीनला वाटलं, झालं, आपल्याला रोजा लागला, भास व्हायला लागले.

"हसू नका," तो जवळ येत म्हणाला. "आत शून्य डिग्री आहे."

"मी कुठं हसले?"

"डोळ्यांनी हसलात."

असं बोलणाऱ्याला जागच्या जागी दोन शब्द सुनावायची अफरीनची जुनी सवय. घोटीत अब्बांच्या भातगिरणीवर, हमाल आणि गाडीवाल्यांच्या गराड्यात ती वाढली होती. तिला कुणी उलटं बोलावं आणि तसंच सुखरूप घरी जावं, असं सहसा होत नसे. पण आज तिची बाजू लंगडी होती. तिची भाड्याची पिकअप पंक्चर होऊन नेमकी या कोल्ड स्टोरेजच्या गेटात आडवी उभी होती. पिकअपमध्ये गोधड्यांत गुंडाळलेल्या पांढऱ्या नळ्या होत्या, आणि नळ्यांतला चिखल मिनिटामिनिटाला तापत होता.

"गाडी बाजूला घ्या, प्लीज. माझा कंटेनर यायचाय द्राक्षं न्यायला."

"ड्रायव्हर चाक बदलतायत. घाई असेल तर तुम्हीही हात लावा."

त्यानं स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या आणि खरंच हात लावला. हे मात्र अफरीनला अपेक्षित नव्हतं. नट पिळता पिळता त्यानं मागं डोकावून पाहिलं. "ह्या गोधड्यांत काय आहे?"

"समुद्र."

"काय?"

"समुद्राचा तळ. पार उत्तरेकडच्या, बर्फाळ मुलखातल्या एका खाडीतला."

नळ्यांची हकिगत अशी. गेल्या वर्षी अफरीन एका संशोधन जहाजावर गेली होती. नाशिकच्या कॉलेजात यादव सरांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती, विषय होता खाडीच्या तळाशी साचलेला गाळ. जहाजावरून लांब नळी तळात खुपसायची, गाळाचा उभा खांब वर ओढायचा, त्याचे मीटर-दीड मीटरचे तुकडे करायचे आणि झाकणं लावून, क्रमांक आणि वरच्या टोकाकडे बाण काढून थंडीत ठेवायचे. वरच्या तुकड्यांत अलीकडचा मऊ चिखल, खालच्यांत हिमनदीनं आणलेली राखाडी माती. बर्फ कधी हटला, समुद्र कधी आत आला, सगळं त्या क्रमात लिहिलेलं. ईद झाली की अहवाल जायचा होता, आणि त्यावरच पुढच्या सफरीतली अफरीनची जागा ठरणार होती. नळ्या अजून उघडायच्या होत्या. आज सकाळी कॉलेजच्या शीतखोलीनं मान टाकली. सर परदेशात. अफरीननं दिसेल त्या कोल्ड स्टोरेजला फोन लावले, पण द्राक्षांच्या सीझनात कुणाकडे तसूभर जागा नव्हती. वणीचा एकजण हो म्हणाला होता. त्यानं नळ्यांना नाक लावलं आणि आल्या पावली परत पाठवलं. त्यात हे चाक बसलं. दुष्काळात तेरावा महिना.

तरुणानंही वाकून वास घेतला. अफरीन श्वास रोखून बघत राहिली.

"सडक्या अंड्यासारखा येतोय," तो म्हणाला.

"तुमच्या द्राक्षांना लागणार नाही. झाकणं पक्की आहेत."

"द्राक्षांच्या खोलीत मी ठेवणारच नाही. तिथं गारठेल तुमचा समुद्र." त्यानं कपाळावरचा घाम कानटोपीनंच पुसला. "किती डिग्री लागते?"

"चार. कमी नको, जास्त नको."

"मागं एक छोटी खोली आहे. रमजानसाठी आणलेला खजूर आहे तिच्यात. खजूर दुसरीकडे हलवतो."

"खरंच?" एवढंच अफरीन म्हणाली.

"रोजा आहे. खोटं कसं बोलणार?" तो हसला. "मी मुस्तकीम."

"शुक्रिया, मुस्तकीमभाई."

"खोली देतो, खजूर हलवतो, चाक बदलून देतो..." तो नळीचं एक टोक खांद्यावर घेत म्हणाला, "तेवढं भाई नका म्हणू."

दुसरं टोक उचलून अफरीन त्याच्या मागोमाग आत गेली, आणि थंड हवेचा झोत अंगावर आला तरी तिचे कान गरमच राहिले.

---

खरं तर पुढचं काम फोनवर भागण्यासारखं होतं. मुस्तकीम रोज सकाळी थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. खाली एक ओळ: "चार. सगळे सुखरूप." दोनचार दिवसांत ओळ वाढली: "चार. सगळे सुखरूप. तुम्ही?" मग अफरीनला वाटू लागलं की फोटोचा काय भरवसा, आपण स्वतः जाऊन पाहिलेलं बरं. नाशिकहून वणीची बस पकडून ती पाहायला जायची. फुफीकडे, अब्बांच्या बहिणीकडे, राहत होती, तिनं विचारलं तर सांगायची, "चिखल बघायला." फुफीनं एकदा भुवई उंचावली, पण काही बोलली नाही. शहाण्या बायका अशा वेळी काही बोलत नाहीत.

कोल्ड स्टोरेजवर पॅकिंगचं सगळं सावित्रीबाईंच्या हातात होतं. सुरगाण्याकडच्या. त्यांच्या हाताखाली वीसेक बाया द्राक्षांचे घड कातरून पेट्यांत रचायच्या. अफरीन आली की सावित्रीबाई तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "आल्या का चिखलवाल्या मॅडम? शेट मघापासनं गेटकडं बघून राह्यलेत."

"कंटेनर यायचाय म्हणून बघतोय," मुस्तकीम म्हणायचा.

"कंटेनर तं काल गेला."

एका संध्याकाळी कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि मगरिबची, रोजा सोडायची अजान झाली. मुस्तकीमनं रिकाम्या क्रेटवर वर्तमानपत्र पसरलं. खजूर, पाणी, आणि एक्स्पोर्टला न चालणारी, बारीक पण साखरेसारखी गोड द्राक्षं. सप्तशृंगीच्या डोंगरामागं सूर्य उतरला होता आणि हवेत कापलेल्या द्राक्षांच्या देठांचा हिरवा वास होता.

"मला एक कळत नाही," मुस्तकीम म्हणाला. "एवढ्या लांब जाऊन चिखल आणलात. घोटीत चिखल कमी आहे?"

"घोटीचा दर वर्षी नांगरून उलटापालटा होतो. खाडीचा जसा पडला तसाच राहतो. वरचा अलीकडचा, खालचा जुना. वरच्यात शिंपले, किड्यांची बिळं. खाली गेलं की हिमनदीचा थर. राखाडी, घट्ट."

"अलीकडचा म्हणजे किती?"

"आठदहा हजार वर्षं."

"हे अलीकडचं?" त्यानं द्राक्षांकडे पाहिलं. "माझा माल पंचेचाळीस दिवसांत जुना होतो."

ती खळखळून हसली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग जरा अडखळत म्हणाला, "ती हिमनदी... एवढी वर्षं तिथं राहिली, आणि मग निघून गेली. खाडीला काय वाटलं असेल?"

"खाडीला काही वाटत नसतं."

"बरं. तुम्हाला काय वाटलं असतं?"

"हायसं वाटलं असतं. केवढी थंडी!" असं म्हणून अफरीननं ओढणी सावरली. त्यानं उठून आतून स्वतःचा स्वेटर आणून तिच्या शेजारी ठेवला. दिला नाही, नुसता ठेवला. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि मग घातला.

त्या रात्री बसमध्ये तिला स्वतःशीच कबूल करावं लागलं की आपल्याला हा माणूस आवडतो. यात घाबरण्यासारखं तिला काही वाटलं नाही. चांगली गोष्ट आवडली तर आवडली. फक्त तो कधी बोलतो ते बघायचं होतं, कारण मुस्तकीमचं असं होतं की थट्टा करताना जीभ कात्रीसारखी, आणि मुद्द्यावर आला की गाडी चिखलात.

---

ईदेच्या आठवडाभर आधी सकाळचा फोटो आला नाही. फोन आला.

"अफरीन, तुम्ही येऊ शकाल?" त्याचा आवाज वेगळाच होता. "माझ्याकडून मोठी चूक झालीय."

ती पोचली तेव्हा छोट्या खोलीचं दार उघडं होतं. आत तिच्या नळ्या होत्या. स्वच्छ, पांढऱ्या, लखलखीत. लांब खाली, आखूड वर, द्राक्षांच्या पेट्यांसारख्या सुरेख रचलेल्या. तिनं एक फिरवून पाहिली. कागदाचं लेबल नव्हतं. मार्करनं काढलेला बाण नव्हता. आकडा नव्हता.

झालं होतं असं. एक्स्पोर्टची तपासणी अचानक ठरली. आदल्या संध्याकाळी मुस्तकीमनं घाईत हुकूम सोडला, "मागच्या खोलीसकट सगळं धुऊन चकाचक करा." द्राक्षांच्या धंद्यात ही सवयच, तपासणीच्या आदल्या दिवशी हाताला लागेल ते धुवायचं. आतल्या दमट हवेनं लेबलं आधीच सैल केली होती, ती पाण्याबरोबर गेली. मार्करच्या खुणा काळे डाग समजून बायांनी घासून घासून काढल्या. तपासणीचा साहेब खोली बघून खूश झाला होता.

सावित्रीबाई दाराशी उभ्या होत्या. रडवेल्या झाल्या होत्या. "माझंच चुकलं मॅडम. मला काय ठावं नव्हतं, लय घाण दिसत होत्या..."

"त्यांचं काही चुकलं नाही," मुस्तकीम मध्येच म्हणाला. "मी सांगितलं म्हणून त्यांनी धुतलं. तुम्ही मला सांगितलं होतं की खुणा महत्त्वाच्या आहेत. मी त्यांना सांगायला विसरलो. चूक माझी आहे."

अफरीननं नळीवरचा हात काढला. क्रम गेला म्हणजे सगळं गेलं. कोणता तुकडा वरचा, कोणता खालचा, कोणतं तोंड आभाळाकडे, हे माहीत नसेल तर तो नुसता चिखल. जहाज पुन्हा त्या जागी जाणार नव्हतं. आणि तिची जहाजावरची जागा... तिला ओरडायचं होतं. रडायचंही होतं. तिनं दोन्ही गिळलं.

"अफरीन, मी खरंच..."

"सॉरी नंतर म्हणा," ती म्हणाली. "आधी कुणीही त्यांना हात लावू नका. जशा आहेत तशा राहू द्या."

ती क्रेटवर बसली आणि गुडघ्यावर हनुवटी ठेवून नळ्यांकडे बघत राहिली. मुस्तकीम भिंतीला टेकून उभा राहिला. तिथून हलला नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याजागी दुसरंच काहीतरी आलं. भातगिरणीवर हिशोब जुळत नसला की अब्बा तिलाच बोलवायचे, त्या वेळी तिचा चेहरा असाच होत असे.

"खुणा मी बाहेरून केल्या होत्या," ती म्हणाली. "खिळ्यानं कोरायला हव्या होत्या, ते माझं चुकलं. पण आतल्या खुणा कुणी धुतलेल्या नाहीत ना... इथं जवळ एक्स-रे कुठं निघतो?"

---

वणीत एक्स-रे काढणारा सुनील मुस्तकीमच्या वर्गातला. दवाखान्याची दुपारची वेळ संपल्यावर त्यानं दोघांना आत घेतलं आणि टेबलावर ठेवलेल्या नळीकडे बघून डोकं खाजवलं.

"पेशंटचं नाव?"

"खाडी," अफरीन म्हणाली.

"वय?"

"ते काढायलाच तर आलोय."

सवयीनं सुनील यंत्रामागून ओरडला, "श्वास रोखा!" नळीनं रोखला की नाही माहीत नाही, पण मुस्तकीमनं रोखला. पडद्यावर राखाडी पट्टे उमटले. एकावर एक, बारीक, दाट, फिकट. आणि त्यांच्यात एक पांढरा ठिपका.

"हा!" अफरीन पडद्याला नाक लावून उभी राहिली. "बघा, हा दगड. हिमनदीचे तुकडे खाडीवर तरंगत यायचे, वितळले की पोटातले दगड खाली पडायचे. मऊ चिखलात दगड वरून पडला की खालचे पट्टे दबतात. दिसतायत का खड्डा पडल्यासारखे? आणि नंतर बसलेला गाळ त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखा वळतो. म्हणजे हे टोक वर, हे खाली. पक्कं!"

तिनं खिशातून खिळा काढला आणि नळीवर बाण कोरला. एवढा खोल, की आता तो घासून काढायची कुठल्याही सावित्रीबाईंची टाप नव्हती.

एकेक नळी येत गेली. मुस्तकीम उचलून आणायचा, धरायचा, परत गोधडीत गुंडाळायचा. बिळं आणि शिंपले दिसले ती सगळ्यांत वरची. दगडांनी भरलेली तळाची. एका नळीच्या बुडाशी करवतीनं कापलेला अर्धा शिंपला निघाला, आणि दुसरीच्या माथ्याशी त्याचाच उरलेला अर्धा. तेव्हा अफरीननं आनंदानं मुस्तकीमचा दंड धरला. तिच्या लगेच लक्षात आलं. तरी तिनं सोडायची फारशी घाई केली नाही.

शेवटी एकच नळी उरली. तिची जागा कळली होती, पण आत नुसती एकसारखी राखाडी माती. दगड नाही, शिंपला नाही, पट्टा नाही. उलटी धरली काय, सुलटी धरली काय.

"द्या एक बाण ठोकून," सुनील म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," अफरीन म्हणाली आणि खिळा खिशात ठेवला.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसून तिनं यादव सरांना फोन लावला. सर तापट म्हणून प्रसिद्ध. तिनं फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. मुस्तकीम समोर बसला होता. दारापाशी सावित्रीबाई एक रिकामी पेटी उगीचच पुसत होत्या.

तिनं काही लपवलं नाही. शीतखोली, पिकअप, खजुराची खोली, धुतलेल्या नळ्या, एक्स-रे, राहिलेली एक नळी, सगळं सांगितलं.



"धुतल्या?" सर म्हणाले. "समुद्राच्या तळाच्या नळ्या... धुतल्या? कुणी?"

"सर, खुणा नीट कोरलेल्या नव्हत्या, ती माझी..."

"सर, मी धुवायला लावल्या," मुस्तकीम फोनवर वाकून म्हणाला. "मॅडमनी मला आधीच बजावलं होतं. मीच विसरलो. जहाजावरची त्यांची जागा माझ्यामुळे जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. तुम्हाला कुणाला बोलायचं असेल तर मला बोला."

"आपण कोण?"

साधा प्रश्न होता. पण मुस्तकीमची गाडी अडकायची जागा नेमकी हीच. "मी... म्हणजे सर, मी कोल्ड स्टोरेज... म्हणजे यांचा मी... तसा कुणी..."

अफरीननं त्याच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत हा माणूस तिच्या नळ्या लेकरासारख्या उचलत होता. आज दुसऱ्यावर ढकलून मोकळं व्हायची सोय असताना पुन्हा स्वतःच पुढं झाला होता. आणि त्याला साधं आपण कोण ते सांगता येत नव्हतं. आता हा बोलेल याची वाट बघायची, तर पुढची हिमनदी येईल.

तिनं फोन स्वतःकडे ओढला.

"सर, हे मुस्तकीम. यांच्याशी मी लग्न करणार आहे. त्यांना अजून विचारलेलं नाही."

सावित्रीबाईंच्या हातून पेटी पडली. मुस्तकीम खुर्चीत तसाच बसून राहिला, कुणी एक्स-रे काढत असल्यासारखा. फोनमधून सरांच्या खाकरण्याचा आवाज आला.

"हं. बरं." ते म्हणाले. "ते एक्स-रे आपण मुंबईहून करून आणणार होतो. तू वणीत काढलेस?"

"हो सर."

"अर्ध्या शिंपल्याचा फोटो आधी पाठव. राहिलेल्या नळीपुढं लिही, दिशा अनिश्चित. अंदाज मारला असतास तर तुला जहाज काय, होडीसुद्धा मिळू दिली नसती. आता जागा तुझी आहे." ते पुढं म्हणाले. "आणि अफरीन, ते दुसरं विचारायचं राहिलंय म्हणालीस, ते आजच विचारून घे. अर्धवट टाकलेली कामं मला चालत नाहीत."

फोन बंद झाला. अफरीनचं तोंड लाल झालं होतं, पण नजर खाली गेली नव्हती.

"तर ऐका," ती म्हणाली. "वर्षातले दोन महिने मी जहाजावर असणार. तिथं नेटवर्क नसतं. घरात चिखल येईल, आणि तो कुणी धुवायचा नाही. मला राग पटकन येतो. तो उतरतो, पण वेळ लागतो. घोटीला येऊन अब्बांशी तुम्हाला स्वतः बोलावं लागेल, आणि तिथं असं तोतरं बोलून चालणार नाही. तुम्ही मला आवडता. माझा सगळा समुद्र धुऊन टाकलात, त्यानंतर तर जास्तच आवडता, कारण तुम्ही पळाला नाहीत. हे सगळं ऐकून तुमचं काय..."

"कबूल," मुस्तकीम म्हणाला.

आणि तेच पुन्हा म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"थांबा," अफरीन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "बाकीचे दोन 'कबूल' निकाहात, काझीसाहेबांसमोर."